पडद्यावरील आकाश

बालाघाटच्या डोंगररांगेवर पसरलेल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचाच पडतो. पावसाळ्याचे ढग येतात, शेतकऱ्याच्या मनात आशा उत्पन्न करतात आणि पुष्कळदा फारसे न बरसताच पुढे निघून जातात. परंतु या कोरड्या मुलखाला एक वैभव मात्र भरपूर लाभले आहे. ते म्हणजे हिवाळ्यातील निरभ्र रात्रीचे आकाश. भूम, परंडा किंवा लोहारा भागातील एखाद्या शिवारात, गावच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन उभे राहिले म्हणजे मृग, रोहिणी, कृत्तिका आणि तेजस्वी व्याध ही सारी मंडळी अगदी जवळ आल्यासारखी भासतात. घड्याळे घरोघर नव्हती, त्या काळी लोकांनी याच ताऱ्यांकडे पाहून रात्रीचे प्रहर मोजले.

आज बहुसंख्य घरांत सायंकाळी एक दुसरेच आकाश उघडते. ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे आकाश होय. शनीची कडी, मंगळावरील तांबडी माती, लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिका हे सारे तेथे घरबसल्या पाहावयास मिळते. ज्याला सप्तर्षी कोणते हेही ठाऊक नाही असा मुलगा आणि ज्याची वीस वर्षे दुर्बिणीजवळ गेली असा जाणता निरीक्षक, हे दोघेही असा कार्यक्रम सारख्याच तन्मयतेने पाहतात. ज्ञानात एवढे अंतर असलेल्या दोघांना एकच कार्यक्रम कसा रुचतो आणि त्यातून प्रत्येकाने काय घ्यावे, याचा विचार उद्बोधक ठरेल.

या कार्यक्रमांची परंपरा बरीच जुनी आहे. २४ एप्रिल १९५७ रोजी ब्रिटनमध्ये बी.बी.सी. या संस्थेने ‘द स्काय ॲट नाइट’ हा मासिक कार्यक्रम सुरू केला. त्या दिवसांत आकाशात एक धूमकेतू दिसत होता. पहिल्याच भागात त्याची माहिती देण्यात आली. हा कार्यक्रम पॅट्रिक मूर यांनी २०१२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, सादर केला. मूर यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. लहानपणी लागलेला आकाशदर्शनाचा छंद त्यांनी आयुष्यभर जोपासला आणि चंद्राच्या पृष्ठभागाचे निरीक्षण चिकाटीने केले. नवशिक्याची अडचण कोठे असते आणि अनुभवी हौशी माणसाला कशाची ओढ असते, या दोन्ही गोष्टी त्यांना स्वानुभवाने ठाऊक होत्या. त्यांच्या यशाचे मर्म बहुधा येथेच असावे. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही तेरा भागांची मालिका प्रसारित झाली आणि तिने अनेक देशांतील प्रेक्षकांना मोहिनी घातली.

भारतात हे साधन उशिरा आले. जुलै १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा देशात दूरचित्रवाणी केवळ दिल्लीपुरती होती. मराठी मुलखाने ती वार्ता आकाशवाणीवर ऐकली आणि वृत्तपत्रांत वाचली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मग हळूहळू हे माध्यम गावोगावी पोहोचले. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनने दाखविलेल्या ‘ब्रह्मांड’ या मालिकेतून डॉ. जयंत नारळीकर यांनी विश्वाची रचना सोप्या भाषेत समजावून दिली. कोल्हापूर येथे जन्मलेला आणि जगन्मान्य संशोधन केलेला हा शास्त्रज्ञ सामान्य प्रेक्षकांशी गुरुजनाच्या जिव्हाळ्याने बोलत असे.

नवशिक्याला अशा कार्यक्रमांतून प्रथम मिळते ते विस्मयाचे दान. चंद्राचा प्रकाश पृथ्वीवर येण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक काळ लागतो, सूर्याचा प्रकाश सुमारे आठ मिनिटांनी पोहोचतो, व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांहून अधिक काळ प्रवास करतो आणि देवयानी दीर्घिकेचा प्रकाश निघून सुमारे पंचवीस लक्ष वर्षे झालेली असतात. हे आकडे पुस्तकात वाचले तर लवकर विसरतात. पडद्यावर चित्रांच्या साहाय्याने दाखविले म्हणजे मनावर ठसतात. विस्मयापाठोपाठ प्रश्न येतात आणि प्रश्नांपाठोपाठ ज्ञान येते.

एक उदाहरण पाहावे. जूनच्या सात-आठ तारखेच्या सुमारास ‘मृग लागला’ असे म्हणून धाराशिवचा शेतकरी आकाशाकडे डोळे लावतो. परंतु त्या दिवसांत रात्रभर शोधले तरी मृगाचे तारे दृष्टीस पडत नाहीत. असे का व्हावे? सूर्य मृग नक्षत्रात आला, म्हणजे पृथ्वीवरून पाहताना तो त्या ताऱ्यांच्या दिशेस आला, असा या बोलण्याचा अर्थ आहे. साहजिकच ते तारे सूर्याबरोबर उगवतात व मावळतात आणि त्याच्या तेजात लपून राहतात. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, पृथ्वी आपल्या कक्षेत पलीकडच्या बाजूस पोहोचते. तेव्हा सूर्य मावळता मावळता मृग पूर्वेस उगवतो आणि रात्रभर दिसतो. हे शब्दांनी सांगावयाचे तर विस्तार होतो. पडद्यावर सूर्य, फिरती पृथ्वी आणि मागील तारे एकत्र दाखविले, तर लहान मुलालाही ते एका दृष्टिक्षेपात उमगते.

अनुभवी निरीक्षकाची भूक निराळी असते. त्याला नक्षत्रांची नावे नको असतात. स्वतः पाहिलेल्या गोष्टींची कारणे हवी असतात. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी हा तांबूस तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो इतका निस्तेज झाला की, साध्या डोळ्यांनीही फरक कळून येई. ज्यांनी तो वर्षानुवर्षे पाहिला होता, त्यांनाच हा बदल प्रथम जाणवला. पुढे मोठ्या दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की, ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यातून धुळीचा ढग निर्माण झाला आणि त्याने प्रकाश अडविला. असा उलगडा पडद्यावर होतो तेव्हा जाणत्या प्रेक्षकाला आपल्या अंगणातील निरीक्षण जगाच्या ज्ञानाशी जोडले गेल्याचे समाधान लाभते.

दोघांच्या पाहण्यातील हा भेद २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी स्पष्ट झाला. त्या दिवशी सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास ‘चांद्रयान-३’ चे अवतरक यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरले. देशभर असंख्य लोकांनी ते थेट प्रक्षेपण पाहिले. नवख्या प्रेक्षकाचे डोळे यान केव्हा टेकते याकडे लागले होते. माहीतगार प्रेक्षक मात्र यानाची उंची आणि घटत जाणारा वेग यांचे आकडे पाहत होता. कारण सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चांद्रयान-२’ च्या अवतरकाशी अगदी अखेरच्या टप्प्यात संपर्क तुटला होता, हे त्याच्या स्मरणात होते. पडदा एकच, क्षणही एकच; परंतु प्रत्येकाने आपापल्या पूर्वज्ञानाप्रमाणे त्यातून आनंद घेतला.

या माध्यमाने आणखी एक मोठे कार्य केले आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक, तेव्हाचा आंध्र प्रदेश आणि ओडिशा या भागांतून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दिवशी ग्रहणाच्या भीतीने लोक घरांत बसून राहिले आणि अनेक शहरांतील रस्ते ओस पडले. पुढे २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, राजस्थानपासून बंगालपर्यंत खग्रास ग्रहण झाले. या वेळी दूरदर्शनने त्याचे थेट प्रक्षेपण केले आणि प्रा. यशपाल यांच्यासारख्या वैज्ञानिकांनी ते समजावून सांगितले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे धोक्याचेच आहे. परंतु ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, हे डोळ्यांसमोर घडताना पाहिल्यावर भीतीचा पाया ढासळू लागतो.

असे असले तरी पडद्यावरील आकाशाला मर्यादा आहेत. तेथे दिसणारे तेजोमेघांचे झगझगीत रंग दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेल्या छायाचित्रांतून आलेले असतात. लहान दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ पाहू जावे तर राखाडी, धुरकट डाग दिसतो आणि नवशिका हिरमुसतो. अनुभवी निरीक्षक हिरमुसत नाही; तो त्याच डागाकडे पुनःपुन्हा पाहतो आणि प्रत्येक वेळी त्यात थोडे अधिक पाहावयास शिकतो. दृष्टीलाही सरावाने शिक्षण मिळते, हे पडदा सांगू शकत नाही.

दुसरी मर्यादा स्थानाची आहे. परदेशी कार्यक्रमातील आकाश हे तेथील आकाश असते. लंडनहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे ५१ अंश उंचावर दिसतो आणि अगस्त्याचा तेजस्वी तारा तेथे कधीच उगवत नाही. धाराशिवचे अक्षांश सुमारे १८ अंश असल्यामुळे येथून ध्रुवतारा उत्तरेस केवळ १८ अंशांवर दिसतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड केले, तर व्याधाच्या बरेच खाली अगस्त्य तळपताना दिसतो; त्याची उंचीही सुमारे १९ अंश असते. उत्तरेस ध्रुव आणि दक्षिणेस अगस्त्य, दोघेही जवळजवळ सारख्याच उंचीवर असण्याचा हा योग या मुलखाच्या वाट्यास आला आहे. तो लंडनच्या निरीक्षकाला लाभत नाही आणि तेथे तयार झालेला कार्यक्रम त्याची आठवणही करून देत नाही. तो पाहण्यासाठी अंगणातच यावे लागते.

म्हणून आकाशाविषयीच्या कार्यक्रमाची खरी कसोटी एकच मानावी. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक उठून बाहेर येतो की नाही? जो कार्यक्रम नवशिक्याला एखादे नक्षत्र शोधण्यास आणि जाणत्याला आपली जुनी टिपणे पुन्हा उघडण्यास प्रवृत्त करतो, तो उत्तम होय. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि तिच्यासारखी मंडळे याच वृत्तीच्या माणसांनी चालविली आहेत. तेथे नवा आणि जुना असे दोघेही एकाच दुर्बिणीपुढे रांगेत उभे राहतात.

शहरांतील वाढत्या दिव्यांमुळे तारे दिसेनासे होत चालले आहेत. धाराशिव जिल्ह्यातील पुष्कळ गावांत अजूनही त्यांचे दर्शन होते, हे या गावांतील मुलांचे भाग्य आहे. पडद्याने शिकविलेले ज्ञान घेऊन त्यांनी अंगणात यावे, दिवा मालवावा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडा वेळ थांबावे. त्यासाठी दुर्बीण नसली तरी चालते. वर पाहण्याची सवय मात्र असावी लागते.