ऑलिव्ह तेल घ्यायचं का?



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका ताईंनी पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढली. मुलाने शहरातून पाठवलेली. मालकांना बीपी आहे, म्हणून त्या रोज उपाशीपोटी दोन चमचे देतात. वर म्हणाल्या, "आता गोळी बंद केली." बाटली हातोहात फिरली आणि सगळ्यांनी मला विचारलं, "खरंच चांगलं असतं का हो?"

चांगलं असतं. ऑलिव्ह म्हणजे जैतून. स्पेन, इटली, ग्रीसकडे हे तेल रोजच्या जेवणात असतं, जसं आपल्याकडे शेंगदाण्याचं. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांवर जवळपास ५ वर्षं अभ्यास झाला. ज्यांच्या जेवणात हे तेल भरपूर होतं, त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा असे प्रकार सुमारे ३० टक्के कमी दिसले. पण ती माणसं तेल औषधासारखं पीत नव्हती. भाज्या, कडधान्यं, फळं, मासे यांच्यासोबत, इतर तेल-तुपाच्या जागी ते खात होती. आणि बऱ्याच जणांच्या बीपीच्या गोळ्या चालूच होत्या!

या तेलात ज्या प्रकारची चरबी जास्त असते, ती डालड्याच्या जागी खाल्ली तर वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. आपल्या शेंगदाणा तेलातही जवळपास निम्मी चरबी त्याच प्रकारची आहे. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ऑलिव्ह तेलात फळातले आणखी काही चांगले घटक उतरतात, तेवढे शेंगदाण्यात नाहीत, हे कबूल. पण बाटलीवर 'पोमेस' लिहिलं असेल तर ते उरलेल्या चोथ्यातून रसायन वापरून काढलेलं, रिफाइन केलेलं तेल असतं. ताईंची बाटली नेमकी तीच निघाली.

माझ्या मते कर्ज काढल्यासारखं महाग तेल आणण्यापेक्षा आपला डबा किती दिवसांत संपतो ते बघा. कोणतंही तेल असो, एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे, म्हणजे पाच माणसांना अडीच लिटर. बैठकीत हिशोब मांडला तर बहुतेकींच्या घरी ५ लिटरचा डबा महिनाही टिकत नव्हता. तळलेल्या तेलात पुन्हा तळायची सवय तर सगळ्यांनाच.

दुसऱ्या दिवशी आशाताईंसोबत मालकांना उपकेंद्रात नेलं. बीपी चांगलंच वाढलेलं होतं. डॉक्टरांना दाखवून गोळी परत सुरू झाली. बाटलीतलं उरलेलं तेल ताई आता भाजीच्या फोडणीला वापरतात, पळीने मोजून.