थ्री-नॉट-थ्रीचे मूळ भाग

ज्यांनी महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेचा गणवेश घातला असेल, त्यांच्या खांद्याला एका वस्तूचे वजन अजून आठवत असेल. सुमारे चार किलोग्रॅम भाराची, अक्रोडी रंगाच्या लाकडात नखशिखांत मढविलेली, तोंडाशी बोथट पोलादी टोपी असलेली ती रायफल. कवायतीच्या त्या रायफलीवर 'डी.पी.' ही अक्षरे कोरलेली असत. त्यांचा अर्थ 'केवळ कवायतीसाठी' असा आहे, हे आम्हांला सांगितले जाई. तसे का, हे मात्र कोणी सांगत नसे. त्या 'का'चे उत्तर आजच्या विषयात ओघाने येईल.

ही रायफल म्हणजे ली-एन्फिल्ड. नळीचा आतील व्यास ०·३०३ इंच, म्हणून आपल्याकडे पोलीस चौकीपासून खेड्यातील पारापर्यंत ती 'थ्री-नॉट-थ्री' याच नावाने ओळखली गेली. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला व कॅनडात वाढलेला कारागीर. त्याने अमेरिकेत १८७९ साली पेटीसारख्या मॅगझिनचे पेटंट घेतले. ब्रिटिश सैन्याने ही रचना १८८८ साली स्वीकारली, आणि १८९५ साली तिला एन्फिल्ड येथील कारखान्याने आखलेल्या पाच खोल चऱ्यांची नळी मिळाली. दोन नावांचा जोड तेथून आला. १९०७ साली मंजूर झालेला आखूड नमुना, म्हणजे 'मार्क तीन', हा आपल्या ओळखीचा. तो कलकत्त्याजवळ ईशापूर येथील सरकारी कारखान्यातही तयार होऊ लागला. पुढे दोन्ही महायुद्धांत हिंदी सैनिकांच्या हाती हीच जात होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनी! इतके दीर्घ आयुष्य फार थोड्या शस्त्रांना लाभले असेल.

आता या रायफलींचा संग्रह करण्याचा छंद. तो मुख्यतः इंग्लंड, कॅनडा, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील आहे, आणि तोही तेथील परवान्यांच्या व कायद्यांच्या चौकटीत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली लष्करी व्यासाची रायफल सामान्य नागरिकास मिळत नाही. म्हणूनच ईशापूरने नागरिकांसाठी त्याच धाटणीची, पण ०·३१५ इंच व्यासाची शिकारी रायफल काढली. तेव्हा आपला संबंध आहे तो हातोडी-पेचकसाचा नव्हे, ज्ञानाचा. पण ज्ञानाचा संबंध काही लहान नसतो. या परदेशी संग्राहकांच्या कपाटांत ईशापूरचा शिक्का असलेल्या रायफली मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचे काय होते यात आपल्या इतिहासाचाही थोडा भाग गुंतलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली लक्षावधींनी निकामी ठरल्या व मातीमोल भावाने विकल्या गेल्या. शिकाऱ्यांना त्या जड वाटत. मग पुढचे लाकूड करवतीने कापावे, टोपी व पट्टे फेकून द्यावेत, क्वचित नळीही आखूड करावी, असा सपाटा सुरू झाला. आज अर्धशतकाहून अधिक काळानंतर नवी पिढी त्या लांडग्या रायफली घेऊन त्यांना पूर्वरूप देऊ पाहते आहे. नळी शाबूत असेल तर काम साध्य असते. पुढचे अखंड लाकूड, वरचे लाकडी आच्छादन, मधला पट्टा, टोपी, आणि त्यांचे बारीकसारीक स्क्रू व स्प्रिंगा जमवावयाच्या. अखंड लाकूड न मिळाल्यास कापलेल्या लाकडाला पुढचा तुकडा सांधतात आणि सांधा मधल्या पट्ट्याखाली येईल अशी योजना करतात. रेषेला रेषा जुळली तर तो सांधा चांगल्या जाणकारालाही पट्टा सोडल्यावाचून दिसत नाही.

परंतु लाकूड बसविणे म्हणजे खिडकीला चौकट बसविणे नव्हे. या रायफलीचे पुढचे लाकूड मागच्या टोकाला आतील बाजूस दोन लहान पृष्ठभागांवर पोलादाला टेकलेले असते. बार उडाला की मागे येणारा सारा धक्का हे दोन पृष्ठभाग सोसतात. शंभर वर्षे तेल मुरून तेथील लाकूड मऊ झालेले असते. ते घट्ट टेकत नसेल तर बाहेरून सुबक दिसणारे लाकूड पहिल्या काही बारांतच मागून चिरते. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे स्थानिक मऊ लाकूड वापरावे लागले, तेव्हा तेथील कारखान्याने या जागी तांब्याच्या पट्ट्या बसविल्या. आजचे कारागीर तेथे कठीण लाकडाची बारीक ठिगळे जडवितात, आणि ती दिवा-काजळीने तपासून तासतासून बसवितात. या एका कामास कित्येक संध्याकाळी लागतात.

उतरविण्याच्या क्रमाचीही एक गोष्ट आहे. मागचा दस्ता एका लांब बोल्टने धरलेला असतो. त्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील एका लहान पत्र्यात अडकलेले असते, हेतू हा की बोल्ट आपोआप सैल होऊ नये. अननुभवी माणूस आधी दस्ता काढावयास जातो, बोल्ट फिरवतो, आणि ते चौकोनी टोक लाकडाला आतून फोडते. शंभर वर्षे टिकलेले लाकूड अर्ध्या मिनिटात जाते. म्हणून नियम असा: आधी पुढचे लाकूड, मग दस्ता.

आता त्या 'डी.पी.'कडे वळू. ली-एन्फिल्डमध्ये काडतुसाची कड नळीचे मागचे तोंड आणि बोल्टचे डोके यांच्यामध्ये धरली जाते. तेथील अंतर लष्करी मोजणीप्रमाणे ०·०६४ इंचाहून कमी व ०·०७४ इंचाहून अधिक असता कामा नये. म्हणजे सारी मोकळीक इंचाच्या शंभराव्या भागाएवढी! ते वाढले तर काडतुसाचे पितळ मागे ताणले जाते, बुडाशी तुटते, आणि जळता वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीशी घासून जुळविलेला असे, म्हणून दोहोंवर एकच क्रमांक कोरीत. पुढील 'नंबर चार' या नमुन्यात तर बोल्टची डोकी ०, १, २, ३ अशा चढत्या लांबीची केली होती. कवायतीच्या रायफलींत मात्र झिजलेले, तपासणीत नापास झालेले भाग बेधडक बसवीत. बार काढावयाचाच नव्हता. अशा रायफलीचा बोल्ट सुट्या भागांच्या बाजारात आला आणि कोणी त्यावरील खूण घासून टाकली, तर पुढचा ग्राहक काय विकत घेतो आहे हे त्याला कळणारच नाही. हे केवळ छंदातील खोडसाळपण नव्हे, त्यात डोळा जाऊ शकतो. मापकाने तपासल्यावाचून कोणतीही जोडलेली रायफल उडवू नये, यावर जाणत्या संग्राहकांचे दुमत नाही.

दुसरा वाद अधिक सूक्ष्म आहे. 'मूळ भाग' म्हणजे कोणते? जवळजवळ प्रत्येक भागावर, अगदी स्क्रूवरही, बनविणाऱ्या कारखान्याची खूण असते. त्यामुळे एन्फिल्डच्या रायफलीवर एन्फिल्डचेच भाग, बर्मिंगहॅमच्या रायफलीवर बर्मिंगहॅमचेच, असा आग्रह काहींचा असतो. दिसावयास हे शास्त्रशुद्ध वाटते. मला ते अर्धवट वाटते. पलटणीचा शस्त्रकारागीर मोडका भाग काढून पेटीत हाताला येईल तो चांगला भाग बसवीत असे. कारखान्यात सबंध दुरुस्ती झाली की दस्त्यालगतच्या पोलादावर तसा शिक्का व साल कोरीत. अशी चार कारखान्यांच्या भागांची रायफल बदलून 'एकजिनसी' करणे म्हणजे तिची खरी हकीकत पुसून खोटी लिहिणे होय.

ईशापूरच्या रायफलींवर हा अन्याय विशेष होतो. काही रायफलींच्या पुढच्या लाकडावर तारेचे घट्ट वेढे दिसतात. पाहणाऱ्यास ती गावठी डागडुजी वाटते. वस्तुतः नळीच्या तोंडी पेला बसवून हातबाँब फेकण्यासाठी ती रायफल मजबूत केलेली असते. लाकडातून आडवा जाणारा जादा स्क्रू हीही ईशापूरची खूण. लाकूड चिरू नये म्हणून तो घातलेला. काही रायफली ०·४१० व्यासाच्या, एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या, पहारेकऱ्यांसाठीच्या बंदुका करून टाकल्या होत्या. परदेशांतील उत्साही मंडळींनी वेढे सोडले, स्क्रू काढून भोके बुजविली, बंदुकांना पुन्हा ०·३०३ ची नळी घातली. हिंदुस्थानात त्या शस्त्राचे जे झाले तेच त्यांनी दोष मानून खरवडले.

पॉलिश-कागदही असाच शत्रू. लाकडावरील तपासनिसांचे ठसे कागदाच्या दोन हातांत नाहीसे होतात व पुन्हा येत नाहीत. लाकूड दबले असेल तर ओले फडके ठेवून वरून तापती इस्त्री टेकवावी. वाफेने तंतू फुगून खळगा वर येतो. नंतर कच्चे जवसाचे तेल तळहाताने, थोडे थोडे, कित्येक दिवस चोळावे. सैन्यातही तेच वापरीत. नळीसाठी उकळते पाणी लागे, कारण जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार मागे राहून गंज धरी आणि तो तेलाने निघत नसे. पाण्यानंतर चार इंच लांब, दोन इंच रुंद फलानीचा तुकडा दोरीने ओढून घेत. तो तुकडा, ती दोरी आणि तेलाची पितळी कुपी दस्त्याच्या बुडाशी झाकणाआड ठेवलेली असे. जुनी रायफल हाती आली की खरा संग्राहक प्रथम ते झाकण उघडून पाहतो, कारण कधी कधी कुपी अजून आतच असते.