विश्लेषण : पुसला गेलेला कोड परत मिळतो का? ‘गिट’च्या कोणत्या आज्ञा यायलाच हव्यात?

दिवसभर लिहिलेला कोड एका चुकीच्या आज्ञेने नाहीसा होईल, ही नवख्या सॉफ्टवेअर विकासकांची नेहमीची भीती. ‘गिट’ वापरतानाही असे घडू शकते. मात्र काय वाचते आणि काय कायमचे जाते, याचा नियम सोपा आहे.

गिट म्हणजे काय?

फायलींमध्ये झालेल्या बदलांचा इतिहास जपणारी ही प्रणाली. लिनक्सच्या विकासकांना ‘बिटकीपर’ मोफत वापरण्याची मुभा संपल्यावर लायनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती तयार केली. २००८ मध्ये सुरू झालेले ‘गिटहब’ हे गिटचे प्रकल्प ऑनलाइन ठेवण्याचे संकेतस्थळ. दोन्ही एकच नव्हेत.

रोजच्या आज्ञा कोणत्या?

‘गिट क्लोन’ने सर्व्हरवरील प्रकल्प इतिहासासह आपल्या संगणकावर येतो. काय बदलले, हे ‘गिट स्टेटस’ सांगते. नोंदवायचे बदल ‘गिट ॲड’ने निवडायचे आणि ‘गिट कमिट’ने संदेशासह त्यांची नोंद करायची. सहकाऱ्यांचे काम ‘गिट पुल’ने घ्यायचे, आपले ‘गिट पुश’ने पाठवायचे.

धोका कुठे?

‘गिट रिसेट’ला ‘हार्ड’ हा पर्याय जोडला, की फायलींमधले कमिट न केलेले बदल काहीही न विचारता पुसले जातात. ज्या बदलांना ‘ॲड’ही केलेले नाही, त्यांची प्रत गिटकडे नसतेच. ‘पुश’ला ‘फोर्स’ जोडल्यास सर्व्हरवरील सहकाऱ्यांचे कमिट बाजूला पडू शकतात.

चूक सुधारता येते?

कमिट केलेले काम सहसा सापडते. ‘गिट रीफ्लॉग’ आपल्याच संगणकावरील अलीकडच्या हालचाली दाखवते. मागे पडलेल्या कमिटच्या नोंदी तिथे साधारण ३० दिवस राहतात. चुकीचे कमिट पुश झाले असेल, तर इतिहास न पुसता ‘गिट रिव्हर्ट’ वापरावे. ते चूक उलटवणारे नवे कमिट करते.

सवय कोणती लावावी?

काम छोट्या टप्प्यांत कमिट करावे. अर्धवट बदल ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावेत आणि ‘रिसेट’पूर्वी ‘स्टेटस’ पाहावे. घरी निघण्यापूर्वी आपल्या शाखेवर पुश करावे. कारण लॅपटॉपच बंद पडला, तर त्यातला रीफ्लॉगही उपयोगाचा नाही.