दारफूर : नागरिकांचे विस्थापन आणि आंतरराष्ट्रीय प्रतिसाद

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
– निर्वासित आणि अंतर्गत विस्थापित यांतील फरक स्पष्ट करता येईल.
– मदत, संरक्षण आणि न्याय या आंतरराष्ट्रीय प्रतिसादाच्या तीन अंगांचे स्वरूप सांगता येईल.
– शासनाच्या संमतीची अट या तिन्ही अंगांवर कसा परिणाम करते, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सार्वभौमत्वाची संकल्पना पाहिली. आपल्या भूप्रदेशात काय व्हावे आणि कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार त्या राज्याच्या शासनाचा, हे तिचे सार आहे. परंतु शासनच आपल्या नागरिकांवर शस्त्र उगारते, तेव्हा त्या नागरिकांनी कोणाकडे पाहावे? अशा प्रसंगी ‘जगाने काहीच केले नाही’ असे सरसकट म्हटले जाते. सुदानमधील दारफूरचे उदाहरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथे मदत मोठ्या प्रमाणावर पोहोचली; संरक्षण पोहोचले नाही. असे का घडले, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.२ संघर्षाची पार्श्वभूमी

दारफूर म्हणजे फूर लोकांची भूमी. सुदानच्या पश्चिमेस, चाड या देशाच्या सीमेला लागून हा कोरडा प्रदेश पसरला आहे. फूर, मसालित इत्यादी समाज येथे प्रामुख्याने शेती करतात, तर उंट व गुरे पाळणारे अरब समाज ऋतुमानानुसार स्थलांतर करतात. दोघांचाही धर्म इस्लाम आहे. दुष्काळ वाढले तसे पाणी आणि चराईच्या जमिनी यांवरून तंटे वाढले. पूर्वी जमातप्रमुखांच्या मध्यस्थीने मिटणारे हे तंटे शस्त्रांच्या सुळसुळाटामुळे चिघळले. खार्टूममधील शासन आपल्या प्रदेशाची उपेक्षा करते, ही भावनाही तीव्र होती.

२००३ मध्ये दोन बंडखोर संघटनांनी उठाव केला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अल-फाशिरच्या विमानतळावर हल्ला केला. शासनाने प्रत्युत्तरादाखल सैन्य व हवाई दल वापरलेच, शिवाय ‘जंजावीद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडेस्वार व उंटस्वार टोळ्यांना शस्त्रे दिली. बंडखोरांचा बंदोबस्त हे निमित्त होते. घाला पडला तो गावांवर. घरे जाळली गेली, गुरे पळवली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. पुढील पाच वर्षांत हिंसा, उपासमार आणि रोगराई यांमुळे सुमारे ३ लाख लोक मरण पावले, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. २५ लाखांहून अधिक लोक घरादाराला पारखे झाले.

४.३ सीमारेषेचा अर्थ

एकाच जळत्या गावातून दोन कुटुंबे निघाली, अशी कल्पना करा. एक पश्चिमेकडे चालत चाडमध्ये पोहोचले. दुसरे जवळच्या शहराबाहेरील छावणीत थांबले. दोघांचे दुःख सारखेच. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांची स्थिती अगदी भिन्न आहे.

पहिले कुटुंब ‘निर्वासित’ ठरते. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि आफ्रिकेचा १९६९ चा करार त्याला लागू होतात. ज्या देशात जिवाला धोका आहे तेथे त्याला परत धाडता येत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांना त्याच्या बाजूने बोलण्याचा अधिकार असतो. चाडमध्ये अशा २ लाखांहून अधिक लोकांना आश्रय मिळाला.

दुसरे कुटुंब ‘अंतर्गत विस्थापित’ ठरते. त्याच्या रक्षणाची प्राथमिक जबाबदारी त्याच्याच शासनाची, म्हणजे येथे ज्याच्या विमानांनी त्याला पळवून लावले त्याच शासनाची. अशा लोकांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे मांडली. पण ती बंधनकारक नव्हती. आफ्रिकी संघाचा या विषयावरील बंधनकारक करार, कंपाला करार, २००९ मध्ये संमत झाला आणि २०१२ मध्ये अमलात आला. दारफूरचे बहुसंख्य विस्थापित या दुसऱ्या गटातील होते, हे लक्षात ठेवा.

४.४ मदत

२००४ पासून दारफूर हे जगातील सर्वांत मोठ्या मदतकार्यांपैकी एक बनले. जागतिक अन्न कार्यक्रमाने ज्वारी, डाळी व तेल पुरवले. अनेक संस्थांनी पाणी आणि औषधोपचारांची सोय केली. त्यामुळे असंख्य जीव वाचले.

तरीही या मदतीची मर्यादा एका साध्या गोष्टीतून स्पष्ट होते. धान्य मिळाले, पण ते शिजवायला सरपण हवे. छावणीभोवतालची झाडे संपल्यावर स्त्रियांना लाकूडफाट्यासाठी दूरवर जावे लागे आणि तेथेच त्यांच्यावर हल्ले होत. पुरुष गेले तर ते मारले जाण्याची भीती. म्हणून स्त्रियाच जात. धान्याचे पोते भूक भागवते; ते राखण करीत नाही.

शिवाय ही मदतही शासनाच्या परवानगीवर अवलंबून होती. मार्च २००९ मध्ये सुदानने १३ आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांना देशाबाहेर काढले. परवानगी देणाऱ्याच्या हाती ती काढून घेणेही असते.

४.५ संरक्षण

जुलै २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५५६ द्वारे जंजावीदांना ३० दिवसांत निःशस्त्र करण्याची मागणी सुदानकडे केली. मुदत उलटली, त्यांना निःशस्त्र केले गेले नाही. आफ्रिकी संघाने आपले पथक पाठवले. सुमारे ७ हजार माणसांच्या या पथकाकडे विस्तीर्ण प्रदेशासाठी पुरेशी वाहने व पैसा नव्हता. तरीही त्यांच्या काही तुकड्यांनी सरपणाला जाणाऱ्या स्त्रियांसोबत गस्त घातली.

२००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी ‘संरक्षणाची जबाबदारी’ हे तत्त्व मान्य केले. शासन आपल्या जनतेचे रक्षण करण्यात उघडपणे अपयशी ठरल्यास आंतरराष्ट्रीय समुदायाने पाऊल उचलावे, असा त्याचा आशय. ऑगस्ट २००६ च्या ठराव क्रमांक १७०६ ने दारफूरसाठी संयुक्त राष्ट्रांचे सैन्य प्रस्तावित केले. पण त्याच ठरावात सुदानची संमती मागितली होती. सुदानने नकार दिला. अखेर जुलै २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रे व आफ्रिकी संघ यांच्या संयुक्त दलास मान्यता मिळाली. मंजूर सैन्यबळ १९,५५५ होते, पण तैनाती अत्यंत संथ झाली. नॉर्वे व स्वीडन यांची अभियांत्रिकी तुकडी सुदानच्या विरोधामुळे येऊ शकली नाही. मात्र सर्व दोष सुदानवर टाकता येणार नाही. या दलाला आवश्यक हेलिकॉप्टरे सधन राष्ट्रांनीही वेळेवर दिली नाहीत. संमतीचा अभाव ही खरी अडचण होती, तशीच ती सोयीची सबबही ठरली.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल : मग संमतीची अट रद्दच का करू नये? याचे उत्तर सोपे नाही. वसाहतवादातून मुक्त झालेल्या राष्ट्रांना ही अट म्हणजे बलाढ्य सत्तांविरुद्धची ढाल वाटते. २००३ मधील इराकवरील आक्रमणानंतर ही शंका अधिकच दृढ झाली. ढाल दुर्बल राष्ट्राला वाचवते, हे खरे; पण त्याच ढालीआड त्या राष्ट्रातील दुर्बल माणूस मारला जाऊ शकतो.

४.६ न्याय

मार्च २००५ मध्ये ठराव क्रमांक १५९३ द्वारे सुरक्षा परिषदेने दारफूरचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले. ११ मते बाजूने पडली. अमेरिका व चीनसह ४ राष्ट्रे तटस्थ राहिली. या एका पावलाला सुदानच्या संमतीची गरज नव्हती. २००९ मध्ये न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. परंतु न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. बशीर यांनी त्यानंतरही अनेक देशांना भेटी दिल्या. २०१९ मध्ये त्यांची सत्ता गेल्यावरही सुदानने त्यांना हेगला सोपवले नाही. जंजावीदचा एक म्होरक्या अली कुशैब २०२० मध्ये शरण आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरला. गुन्हे आणि निकाल यांत दोन दशके गेली.

४.७ पुढील घडामोडी

संयुक्त दलाचा कार्यकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. एप्रिल २०२३ मध्ये सुदानचे सैन्य आणि जंजावीदांतूनच घडलेले ‘शीघ्र साहाय्य दल’ यांच्यात युद्ध पेटले. एप्रिल २०२५ मध्ये या दलाने अल-फाशिरजवळची झमझम छावणी ताब्यात घेतली. पहिल्या विस्थापनानंतर तेथे वसलेली माणसे पुन्हा एकदा जीव घेऊन पळाली. छावणीत जन्मलेल्या पिढीचे हे पहिलेच विस्थापन होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल-फाशिरही पडले. ज्यांना २००४ मध्ये निःशस्त्र करायचे होते, त्यांचेच हे वारसदार.

४.८ सारांश

मदत, संरक्षण आणि न्याय ही प्रतिसादाची तीन स्वतंत्र अंगे आहेत; एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. मदतीला संमती लागते, संरक्षणाला संमतीबरोबर बळही लागते, आणि न्यायाला आदेश अमलात आणणारे हात लागतात. दारफूरमध्ये पहिले अंग सर्वांत सोपे होते, म्हणून तेच सर्वांत पुढे गेले. कोणत्याही संघर्षाची बातमी वाचताना ‘किती मदत गेली?’ या प्रश्नासोबत ‘सरपणाला जाणारी स्त्री सुखरूप परतते का?’ हाही प्रश्न विचारावा.

४.९ स्वाध्याय

१. निर्वासित आणि अंतर्गत विस्थापित यांतील फरक दारफूरच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘संमतीची अट ही ढालही आहे आणि अडथळाही.’ या विधानाची चर्चा करा.
३. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तरीही १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे १ कोटी लोकांना भारताने आश्रय दिला. यावरून कायदा आणि प्रत्यक्ष आश्रय यांच्या संबंधांविषयी तुमचे मत १५ ओळींत लिहा.