पाणी अडवले, मग ते गेले कुठे?

ग्रामविकासाच्या योजना आखण्यात महाराष्ट्र कधी मागे राहिला, असे म्हणता येणार नाही. रोजगार हमी, पाणलोट विकास, आदर्श गाव, जलयुक्त शिवार, मागेल त्याला शेततळे... यादी बरीच वाढवता येईल. यातल्या रोजगार हमीचे तर देशाने अनुकरण केले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेला सरकारी रूप आले, १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली केंद्राने त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा जो व्यवसाय कर कापला जातो, तो मुळात या योजनेसाठीच सुरू झाला होता. खडी फोडण्यापासून पाझर तलावापर्यंत हजारो कामे त्यातून उभी राहिली. आणि तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले.

पाऊस कमी पडला हे त्याचे सरळ उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांनी उसाचे गाळपही केले होते. म्हणजे पाणी अगदीच नव्हते असे नाही. ते कुठे जायचे हे आधीच ठरून गेलेले होते.

हे ठरवले कुणी? एका माणसाचे वा एका खात्याचे नाव घेता येत नाही, हीच या प्रश्नातली खरी अडचण आहे. मृद व जलसंधारण खाते पाणी अडवते. वीज खाते उपशासाठी स्वस्तात वीज देते. सहकार खाते कारखान्याला परवानगी आणि हमी देते. बँक उसाला बिनदिक्कत कर्ज देते, कारण वसुली कारखान्यातून परस्पर होते. पुरवठा खाते रेशनवर गहू-तांदूळ देते. प्रत्येक खाते आपापल्या जागी आपले उद्दिष्ट पूर्ण करते आणि तसा अहवालही वर पाठवते. बेरीज मात्र शून्य येते, कारण एका खात्याने अडवलेले पाणी दुसऱ्या खात्याच्या विजेने उपसले जाते.

जलयुक्त शिवारचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाने २०१९ पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करण्याचे ठरवले. लोकांनी वर्गणी काढली, नाले खोल झाले, पहिल्या पावसात ते तुडुंब भरल्याची छायाचित्रेही आपण पाहिली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० साली विधिमंडळापुढे आला. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर राजकारण व्हायचे ते झाले. पण यात भ्रष्टाचार किती आणि भूगोल किती, हा प्रश्न कुणी नीट विचारला नाही. नाला खोलीकरणासाठी ज्याचे उदाहरण वारंवार दिले जाई ते शिरपूर तापीच्या गाळाच्या खोऱ्यात आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टवर आहे. तिथे पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही मोजकेच. शेजारच्या बोअरने ते उपसायला सुरुवात केली की महिन्या-दोन महिन्यांत संपते.

बंधारा डोळ्यांना दिसतो. त्याचे उद्घाटन करता येते, मोजमाप करता येते, बिल काढता येते. त्याच्या मागे जो नियम असावा लागतो तो कुठल्याच मोजमाप पुस्तिकेत बसत नाही.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरेबाजार पाहायला गेलेली शिष्टमंडळे समतल चर आणि नालाबांध पाहून परततात. हे चर तर इतरही शेकडो गावांत खणले गेले. हिवरेबाजारचे वेगळेपण असे, की पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, उसासारखी पिके टाळली आणि दरवर्षी पावसाच्या हिशेबाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी झाला तर रब्बीचे कोणते पीक किती घ्यायचे हे ग्रामसभा सांगते. पाणी अडवण्यापेक्षा शेजाऱ्याला ‘यंदा नको’ असे सांगणे कितीतरी अवघड काम आहे, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही समजावून द्यावे लागणार नाही.

आता, हे फक्त एका चांगल्या सरपंचामुळे झाले असे म्हणून हात झटकता येतात. १९९२ मध्ये राळेगणसिद्धीच्या धर्तीवर आदर्श गाव योजना निघाली तेव्हा आपण जवळजवळ हेच केले. गावोगावी अण्णा हजारे शोधायचे, अशी ती योजना होती म्हटले तरी चालेल. माणसे अशी सापडत नाहीत. आणि त्या माणसाच्या पाठीशी काय काय होते तेही पाहायला हवे. चराईबंदी जाहीर करणे सोपे असते. पण ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्या आहेत, त्याने काय करायचे? नियमाची किंमत नेहमी आधी तोच मोजतो. कामाची मजुरी हाती असते तेव्हा असा माणूस दोन वर्षे दम धरू शकतो. तोवर गवत वाढते, ते कापून नेता येते आणि शेळीच्या जागी दुभते जनावर येते. नियम, मजुरी, गवत, दूध ही साखळी आहे. तिची एक कडी निसटली की गावात भांडण उभे राहते, आणि मग नियम कागदावरच राहतो.

याच प्रश्नाला अधिक धाडसाने हात घातला तो विलासराव साळुंखे यांनी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झालेल्या पुण्याच्या या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातल्या नायगावला माळरान भाडेपट्ट्याने घेतले आणि पुढे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचताना थबकायला होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस घ्यायचा नाही. पुढे यातल्या काही योजना बंद पडल्या, आणि तेही समजून घेण्यासारखे आहे. आत समान वाटप असलेल्या गावाला बाहेरचा बाजार, विजेचे बिल आणि जमिनीचे वाढते भाव सतत उलट्या दिशेने ओढत असतात. नियम गावाने करायचा आणि सरकारच्या धोरणाने तो रोज मोडायचा, ही लढाई गाव किती वर्षे लढणार?

इथे उसाच्या शेतकऱ्याला चार शब्द सुनावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रात जेमतेम चार-पाच टक्क्यांवर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेते, हे खरेच आहे. पण त्याच्या जागी स्वतः उभे राहून पाहावे. उसाला केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे (तो किती पाळला जातो हा भाग वेगळा), आणि तोडणीला टोळी कारखानाच पाठवतो. कांद्याचे काय? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. ज्वारीचे काय? पाखरे राखा, काढणीला मजूर शोधा, मळणी करा. हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने घेणारा दारात येईलच असे नाही. शिवाय रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरातली भाकरीही कमी झाली. ही सारी गणिते मांडून मग शेतकरी ऊस लावतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा सोडवून दाखवावे.

आणि या उसाची दुसरी बाजू बीडमध्ये दिसते. कोरडवाहू गावातला तरुण मुकादमाकडून उचल घेतो, दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मुलांची शाळा बुडते. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. खाडा झाला तर दंड कापला जातो आणि पाळीच्या दिवसांतही काम थांबत नाही, ही कारणे तेव्हा पुढे आली. हा प्रश्न आरोग्य खात्याचा, कामगार खात्याचा, की शिवारात पाणी न थांबण्याचा? फाइल एकाच टेबलावर जाते. प्रश्न मात्र चार टेबलांवर पसरलेला असतो.

कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विंधनविहीर घ्यायला मनाई करतो. पण बोअरची गाडी रात्री गावात येते तेव्हा तिला अडवणार कोण? तलाठी एकटा, आणि ग्रामसभेच्या ठरावाला वरून आधार नाही. उलट २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज मिळू लागली. शेतकऱ्याला दिलासा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तोच पैसा वीजबिलाऐवजी कमी पाण्याच्या पिकाच्या खरेदीवर खर्च झाला असता तर पंप किती तास चालला असता, हे हिशेब मांडून पाहण्यासारखे आहे. शेजारच्या कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी सरकार शेतकऱ्यांकडून घेते आणि रेशनवर देते. आपल्याकडेही ज्वारी अधूनमधून रेशनवर आली, पण शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय घ्यावा इतक्या खात्रीने नाही. ही खरेदी दरवर्षी होईल असे जूनच्या आधी सांगितले, आणि ज्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला आहे त्या गावाची ज्वारी-तूर आधी उचलली, तर ‘यंदा ऊस नको’ असे ग्रामसभेत सांगणाऱ्या सरपंचाच्या हातात निदान दाखवायला काहीतरी असेल.