आलू-वांगं, पण हळदीविना

विदर्भात लग्न असो की भंडारा, पानात आलू-वांग्याची भाजी पडली नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. वर्धा जिल्ह्यात स्वयंपाक्याची पारख याच भाजीवरून होते. तर्री कशी आली, वांगं फोडीला फोड राहिलं की गळून गेलं, आलू नीट शिजला का, यावर पंगत उठल्यानंतरही चर्चा चालते. याच दोन भाज्या आणि जोडीला शिमला मिरची घेऊन चीनच्या ईशान्य टोकाला एक साधी घरगुती भाजी करतात. तिचं नाव दी सान श्येन. लिआओनिंग, जिलिन आणि हेलोंगच्यांग या तीन प्रांतांत ती घरोघरी होते, तशीच रस्त्याकडेच्या खानावळीतही मिळते.

या प्रांतांचं जुनं नाव मांचुरिया. आपल्या गाड्यांवरचं मंचुरियन तिथल्या माणसाला ओळखूही येणार नाही, कारण ते जन्मलं मुंबईत. त्याचं श्रेय १९७५च्या सुमाराला नेल्सन वँग या शेफना दिलं जातं. ते वाईट आहे असं नाही. वर्ध्यात संध्याकाळी ते मीही आवडीने खाते. पण खरोखर मांचुरियातली भाजी करून बघायची असेल, तर कोबीचे गोळे तळायची गरज नाही. बाजारातून वांगी आणि आलू आणले की निम्मं काम झालं.

हेलोंगच्यांगमधल्या हार्बिनकडे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास असतो. जमीन महिनोन्‌महिने गोठलेली असते. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी वांगी, बटाटे आणि मिरच्या एकदम हाताशी येतात, तेव्हा त्या एकाच कढईत जाणं स्वाभाविकच. तिन्ही भाज्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातल्या आहेत. त्यांतले बटाटा आणि मिरची अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. वांगं मात्र आपल्याकडचं, आणि चीनमध्ये ते दोन हजार वर्षांपासून पिकतंय. आज जगात सर्वांत जास्त वांगी चीन पिकवतो आणि त्याच्या मागोमाग आपण.

आता मसाल्याचं. या भाजीत हळद नाही, तिखट नाही, गोडा मसाला नाही, वरून सांबार (कोथिंबीर) पेरणंही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यात बसून हळदीशिवाय आलू-वांगं करायचं म्हणजे जरा धाडसच. मग चव येते कुठून? तीन गोष्टींतून: तेलाचा ताव, लसूण आणि सोया सॉस. पहिली गोष्ट चुकली की बाकीच्या दोन वाचवू शकत नाहीत.

वांग्याचा गर स्पंजसारखा असतो. पेशींच्या मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि कोमट तेलात टाकलं की ते तेल पिऊन बसतं. तेल चांगलं तापलेलं असेल तर फोडीतल्या पाण्याची वाफ बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. खरी गंमत पुढे आहे. बरंचसं तेल फोड कढईतून बाहेर काढल्यावर आत जातं. आतली वाफ थंड होऊन आटते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर फोडी चांगल्या झटकायच्या आणि लगेच जाळीवर टाकायच्या. ताटात ढीग करून ठेवल्या की केलेली मेहनत वाया जाते.

दुसरा उपाय मिठाचा. फोडींना मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी हलक्या हाताने पिळून काढायचं. पेशी दबतात, पोकळ्या कमी होतात. मग कॉर्नफ्लोअरचा पातळ हात फिरवायचा. तिकडे यासाठी बटाट्याचा स्टार्च वापरतात. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर सहज मिळतं आणि त्याने काही अडत नाही. तळल्यावर वांग्याची साल जांभळी राहते, हाही याच पद्धतीचा फायदा. सालीतला जांभळा रंग पाण्यात विरघळणारा आहे. रश्श्यात तो सुटून जातो, तेलात टिकतो.

चौघांसाठी अंदाज असा धरा. वांगी ३०० ग्रॅम, बटाटे २५० ग्रॅम, एक मोठी शिमला मिरची, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, थोडी कांद्याची पात. वांगी लांब जांभळी मिळाली तर उत्तम, नाहीतर भरताचं घ्या. मात्र हातात हलकं लागणारं निवडा, जड वांग्यात बिया जास्त. भरल्या वांग्याची छोटी काटेरी वांगी इथे चालत नाहीत, ती तळून नुसती बियाळ लागतात. शिमला मिरचीऐवजी भज्यांची लांब मिरची घेतली तर मला ती जास्त आवडते, तिच्यात थोडा जोर असतो.

एका वाटीत दोन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी पाणी कालवून ठेवा. मीठ आताच घालू नका, सॉस खारट असतो आणि वांग्यांनाही मीठ लागलेलं आहे. बटाट्याचे तिरपे, जाडसर काप करून पुसून कोरडे करा आणि मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत तळा. सुरी टोचून आत शिजलेत का बघा, कारण पुढे त्यांना शिजायला वेळ नाही. मग आच वाढवून वांगी दोन-तीन मिनिटं, थोडी थोडी करून. शेवटी मिरची जेमतेम अर्धा मिनिट, रंग उजळला की बाहेर. तेल ओतून काढा, कढईत चमचाभरच ठेवा. त्यात निम्मा लसूण आणि पात परता, वाटीतलं कालवण पुन्हा ढवळून ओता. ते दाटसर आणि चकचकीत झालं की सगळ्या फोडी घालून दोनदा उलथवा. उरलेला लसूण बारीक चिरून कच्चाच वरून टाका आणि गॅस बंद करा. रस्सा उरता कामा नये. फोडींना नुसता लेप बसायला हवा.

इतकं तेल नको असेल तर वांगी वाफवून, थोडं तेल चोळून तव्यावर परतता येतात. चव थोडी उणी होते, पण घरच्या रोजच्या जेवणाला पुरेशी. सेवाग्रामच्या आश्रमात उकडलेल्या, जवळजवळ बिनमसाल्याच्या भाज्यांची रीत होती. तिथे मूळची तळलेली आवृत्ती मंजूर झाली नसती, ही वाफवलेली कदाचित झाली असती.

सॉसमागच्या सोयाबीनचा मुद्दा मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेलोंगच्यांग हा चीनमधला सर्वांत मोठा सोयाबीन पिकवणारा प्रांत. तिथे सोयाबीनचं तेल कढईत असतं, सॉस बाटलीत असतो, आणि घरी आंबवलेल्या सोयाबीनचा दाट खारा लगदा मातीच्या रांजणात. वर्धा जिल्ह्यातही खरिपात कपाशीच्या बरोबरीने सोयाबीन उभं असतं. दिवाळीच्या आधी ते काढून बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल आपल्या घरात परत येतं, पण प्रथिनांनी भरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. ते पिकवणाऱ्याच्या ताटात सोयाबीन म्हणून फारसं येत नाही.

ते ताटात यावं असं कुणाला वाटत नव्हतं असं नाही. १९३५ साली, सोयाबीन इथे शेतात पसरण्याच्या कितीतरी आधी, गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन शिजवून खाण्याचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. मगनवाडी तेव्हा ग्रामोद्योग संघाचं मुख्य ठाणं होतं आणि गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा तिथे काम पाहत होते. प्रयोगाचा रोख स्वस्त प्रथिनांवर होता, चवीवर नव्हता, आणि मला वाटतं तिथेच तो अडला. नुसतं उकडलेलं सोयाबीन कितीही पौष्टिक असलं तरी कुणी पुन्हा मागत नाही. चिनी शेतकऱ्याने ते आंबवलं, मिठात मुरवलं, आणि मग ते वांग्याबरोबर खाल्लं.

बाजारात सोया सॉसची बाटली घेताना मागचं लेबल वाचा. बऱ्याच गडद सॉसमध्ये रंगासाठी कॅरॅमल घातलेलं असतं आणि त्याने भाजी काळी, गोडसर होते. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेला, जरा पातळ आणि तांबूस सॉस मिळाला तर तोच घ्या. महाग पडतो, पण एका वेळी लागतो दोनच चमचे.

सोबत भात चालतो. पण माझं मत भाकरीच्या बाजूने. मांचुरियात शंभर वर्षांपूर्वी गरीब घरांचं मुख्य अन्न ज्वारीच होतं. ती तिथे उंच वाढे आणि तिची दारूही गाळत. आज तिकडे तांदूळ आणि मका पुढे गेलेत, जसे आपल्याकडे गहू. ज्वारीच्या गरम भाकरीवर या भाजीचा खारट-लसणी लेप चांगला बसतो. मात्र भाकरी आधी भाजून ठेवा आणि भाजी शेवटी करा, कारण कॉर्नफ्लोअरचं कवच दहा मिनिटांत मऊ पडतं आणि ही भाजी दुसऱ्या दिवशी गरम करून खाण्यासारखी राहत नाही.