दोन ओढ्यांमधील गांव

इटली म्हटलें कीं रोम, फ्लॉरेन्स व व्हेनिस या शहरांकडे प्रवाशांची रीघ लागते. त्यांचीं वर्णनें पुस्तकांतून विपुल आहेत. पुनरुक्तीचें कारण नाहीं. आमच्या शेतकरी बंधूंनीं पाहण्यासारखा मुलूख त्या गर्दीपासून दूर, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत आहे. पुढें रोम शहरांतून वाहणारी ही नदी येथें डोंगर सोडून नुकतीच सपाटीस लागलेली असते. खोऱ्याचा वरचा भाग टस्कनी प्रांतांत व खालचा अम्ब्रिया प्रांतांत मोडतो. गेल्या सप्टेंबरांत मुलाच्या भेटीस गेलों असतां तीन दिवस या भागांत हिंडण्याचा योग आला.

दक्षिणेकडून शिरतांना टेकडीवर मोन्तोने नांवाचें जुन्या तटबंदीचें गांव लागतें. १९४४ सालीं या डोंगरांत आपल्या मराठा पलटणी जर्मन फौजेशीं लढल्या. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व शिपाई १० जुलै रोजीं ठार वा जखमी झाले असतां, त्यांनीं एकट्यानें मशीनगनचा मोर्चा जिंकला व तेथेंच देह ठेविला. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ सालीं मोन्तोने येथें त्यांचें स्मारक उभें राहिलें. तें सावलीवरून वेळ दाखविणाऱ्या घड्याळाच्या रूपांत आहे. तेथें मस्तक नमवून आम्ही उत्तरेस निघालों.

नदीकांठची जमीन गाळाची. उतारावर द्राक्षवेली व ऑलिव्हचीं झाडें. त्यांवर ओकचें रान. परंतु या खोऱ्याचें नांवाजलेलें पीक तंबाखू होय. फुलोरा खुडून पानें भरूं देण्याची रीत आपल्याकडल्यासारखीच आहे. केंटकी जातीचीं पानें मात्र बंद वखारींत काठ्यांस टांगून, खालीं लाकडांचा मंद विस्तव ठेवून धुरावर पक्व करितात. १९६६ सालीं फ्लॉरेन्समध्यें महापूर येऊन ग्रंथालयांतील पुस्तकें चिखलांत भिजलीं, तेव्हां तीं वाळविण्यास तंबाखूच्या वखारीच उपयोगी पडल्या.

डोंगरउतारावरील बरींच दगडी घरें एके काळीं ओस पडलीं होतीं. पूर्वीं येथें अर्धेलीची वहिवाट असे. कष्ट कुळाचे आणि निम्में उत्पन्न मालकाचें. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार बंद झाले व १९८२ च्या कायद्यानें उरलेल्यांचें खंडांत रूपांतर करण्याची वाट झाली. मधल्या काळांत पुष्कळ कुळें कारखान्यांकडे गेलीं. आतां अशा घरांतून शेतकरी पाहुणे ठेवितात व घरच्याच पिकाचें जेवण देतात. १९८५ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. आम्ही अशाच एका घरीं उतरलों होतों.

मला मुख्यतः पाहावयाची होती ती सान जुस्तिनो गांवानजीकची कोस्पाया नांवाची वाडी. पंधराव्या शतकांत चौथा युजीन या पोपनें फ्लॉरेन्सच्या कोसिमो दे मेदिची याजकडून २५,००० फ्लोरिन कर्ज घेतलें व सानसेपोल्क्रो गांवचा मुलूख तारण दिला. पुढें तो मुलूख फ्लॉरेन्सकडे गेला, तेव्हां करारांत हद्द लिहिली ती ‘रिओ’ नांवाच्या ओढ्याची. आतां रिओ या शब्दाचा अर्थच ओढा! जागेवर त्या नांवाचे ओढे दोन, एकमेकांपासून सुमारें अर्ध्या किलोमीटरवर. फ्लॉरेन्सनें आपल्याकडचा ओढा हद्द धरिला, पोपच्या अंमलदारांनीं आपल्याकडचा. मधली पट्टी कोणाच्याच दप्तरीं आली नाहीं.

त्या पट्टींतील शेतकऱ्यांनीं १४४० सालीं आपण कोणाचे प्रजाजन नाहीं असें जाहीर केलें. तेथें राजा नव्हता, फौज नव्हती, तुरुंग नव्हता आणि सारा तर नव्हताच. कुटुंबप्रमुख एकत्र बसून गांवचा कारभार पाहत. सोळाव्या शतकांत या प्रदेशांत तंबाखूचें बीं आलें, व जकातीच्या जाचाविना कोस्पायाची तंबाखू भरभराटली. मात्र निर्बंध नाहीं तेथें चोरटा व्यापारही आला, फरारी लोकही आले. अखेर १८२६ सालीं दोन्ही राज्यांनीं ती भूमि वांटून घेतली. रहिवाशांस एकेक चांदीचें नाणें व ठराविक मर्यादेपर्यंत तंबाखू लावण्याची मुभा मिळाली. एका शब्दाची चूक ३८६ वर्षें टिकली! देवळाच्या दारावर अजून लॅटिन अक्षरें आहेत. त्यांचा अर्थ ‘शाश्वत व अढळ स्वातंत्र्य’ असा आहे.

तीं अक्षरें पाहतांना मला दुसराच ओढा आठवला. महसूल खात्यांत कारकून असतां एका वाटणीच्या कागदांत मीं जागेवर न जातां ‘पूर्वेस ओढा’ इतकेंच लिहिलें. जागेवर ओढे दोन होते. एक वाहता आणि एक झाडीनें बुजलेला जुना. मधली दोन एकर जमीन दोघांही भावांनीं आपली म्हटली. खटला अकरा वर्षें चालला. धाकट्याची विहीर अर्धवट राहिली, थोरल्याचे बैल विकले गेले, आणि एका बांधावरचीं दोन घरें बोलेनाशीं झालीं. माझ्यावर ठपका आला नाहीं. कागद नियमाप्रमाणें पुरा होता. कोस्पायाच्या शेतकऱ्यांस चूक लाभली, या भावांस ती भोंवली.

म्हणून बंधूंनो, वाटणी वा खरेदीच्या कागदांत चतुःसीमा लिहितांना नुसता ‘ओढा’, ‘वाट’ किंवा ‘झाड’ लिहूं देऊं नका. कोणता ओढा, कोणत्या गट नंबरालगतचा, वाहता कीं बुजलेला, हें स्पष्ट लिहवून घ्या. लगतच्या खातेदारांस समक्ष बोलावून मोजणी करवा, हद्दीचे दगड पुरा व नकाशाची नक्कल घरीं ठेवा. कारकून कागद पुरा करील. पण ओढे किती आहेत हें तुम्हांसच ठाऊक असतें, तें त्यास सांगण्यास संकोच करूं नका.